उतरली की गेली?

मराठी माणसाची बॅटरी दोन तऱ्हांनी दगा देते. एक तर ती उतरते, नाही तर ती जाते. ताप उतरतो, पूर उतरतो, रागही उतरतो. आणि जे उतरते ते पुन्हा चढू शकते. 'गेली' या क्रियापदाला मात्र परतीचा रस्ता नाही. वेळ गेली, नोकरी गेली, शेजारचे आजोबा गेले, तशी बॅटरी गेली. भाषेने इतका स्पष्ट भेद करून ठेवला असताना पेट्रोल पंपावर, गॅरेजात आणि घरच्या अंगणात आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरतो, आणि त्या ढिलाईची किंमत चार-पाच हजार रुपयांच्या पावतीने चुकवतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. तेव्हा मोटारीच्या बॅटरीवर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. तो मला माझ्याच गाडीने एका उन्हाळ्यात दिला. आणि त्याला दुजोरा दिला तो आमच्या गावातील चाचांनी. चाचा हे मोटारींचे वायरिंग करतात. सारा गाव त्यांना चाचाच म्हणतो, तेव्हा मीही त्यांचे नाव इथे तेवढेच ठेवते.

आम्ही तासगावला राहतो. सासूबाईंची मूत्रपिंडे काम देईनाशी झाल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. सकाळी ७ ची पाळी, म्हणून साडेपाचला घर सोडायचे. ही पाळी चुकली तर त्या दिवशी दुसरे यंत्र मोकळे मिळेलच असे नाही, आणि अंगात साठलेले पाणी पुढच्या पाळीची वाट पाहत बसत नाही. यजमान नोकरीनिमित्त परगावी. माझी नेमणूक तासिका तत्त्वावरची. म्हणजे तास घेतला तर मानधन, नाही तर नाही. अशा घरात दाराशी उभी असलेली जुनी, लहानशी मोटार ही चैनीची वस्तू नसते, हे सांगावयास नकोच.

एप्रिलातल्या एका शुक्रवारी पहाटे मी चावी फिरवली, आणि गाडीने 'टक्' एवढाच उद्गार काढला. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. सुदैवाने दुधाचा टेम्पो गल्लीत आला होता. त्याच्या चालकाने आपल्या बॅटरीतून तारा जोडून गाडी सुरू करून दिली, आणि आम्ही मिरजेला वेळेवर पोहोचलो. परतल्यावर दुकानदाराने यंत्र लावून बॅटरी तपासली. ती चार वर्षांची होती आणि तिच्यात दम उरलेला नव्हता. नवी बसवली. इथपर्यंत सारे रीतसर झाले.

अकराव्या दिवशी नवी बॅटरीही तशीच आडवी झाली! दुकानदाराने ती रात्रभर चार्जिंगला लावली, पुन्हा तपासली, आणि ठणठणीत आहे म्हणून परत दिली. एका सेवाकेंद्रात गाडी नेली, तर तिथे कोणीही काही न मोजता अल्टरनेटर आणि वायरिंग बदलण्याचे २२ हजारांचे अंदाजपत्रक हाती ठेवण्यात आले. सासूबाई हे सारे शांतपणे पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, तुझ्या गाडीलाही आता आठवड्यातनं दोनदा मशीनवर लावावं लागणार की काय?"

नवी बॅटरी 'गेली' असे म्हणण्याची सोय आता उरली नव्हती. ती उतरली होती. आणि उतरली, याचा अर्थ कोणी तरी ती उतरवली होती.

चाचांचा प्रश्न

चाचांचे दुकान म्हणजे बसस्थानकामागची एक पत्र्याची टपरी. त्यांनी माझी सारी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाई, बॅटरी मेली म्हंतायसा. पण मारली कुणी, ते नको का बघायला?"

मग त्यांनी मला जे समजावून सांगितले ते असे. रात्रीतून बॅटरी उतरण्याची कारणे वरवर पाहता शंभर दिसतात, पण खरे पाहता ती तीनच आहेत. पहिले, बॅटरी स्वतःच म्हातारी झाली असेल. ती भरली तरी धरून ठेवत नाही. दुसरे, गाडी चालताना ती नीट भरतच नसेल. आणि तिसरे, बॅटरी चांगली आणि भरणाही चांगला. परंतु सारे घर झोपल्यावर कोणी तरी जागा राहून तिच्यातील करंट पीत असेल. रांजण सकाळी रिकामा सापडला तर रांजणाला तडा आहे, की रात्री नळाला पाणीच आले नाही, की तोटी कोणी उघडी ठेवली, हे पाहावे लागते. नवा रांजण आणणे हा या तिहींपैकी एकाच दुखण्यावरचा उपाय आहे.

मोटारीच्या बॅटरीचे अंतरंग मोठे साधे आहे. आत सहा कप्पे असतात. प्रत्येकात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. प्रत्येक कप्पा २.१ व्होल्ट देतो. सहांचे मिळून साडेबारापेक्षा थोडे अधिक होतात. करंट काढून घेतला की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पाण्याकडे झुकते. उलट करंट भरला की सारे पूर्ववत होते. ही उलटसुलट करता येणारी किमया गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये साधली. १८८१ मध्ये कामिय फोर याने पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन ती व्यवहारात आणली. मोटारीत तिला मानाचे स्थान मिळाले ते १९१२ च्या कॅडिलॅक गाडीपासून. चार्ल्स केटरिंग याने बनवलेला विजेचा स्टार्टर त्या गाडीला होता, आणि तेव्हापासून हँडल मारून दंड भरून येण्याचे दिवस हळूहळू सरले.

परंतु स्टार्टरची ही बॅटरी शंभर यार्डांच्या शर्यतीतील धावपटूसारखी असते. दोन-तीन सेकंद शंभर-दीडशे अँपिअर देणे तिला सहज जमते. त्यासाठीच तिच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात. रात्रभर थोडा थोडा करंट देत राहून अगदी तळ गाठणे मात्र तिला सोसत नाही. तळाशी गेलेली बॅटरी तशीच पडून राहिली की सल्फेटचे खडे घट्ट होतात, आणि मग ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणजे वारंवार 'उतरणे' हेच एक दिवस 'जाणे' होऊन बसते. चोर न धरता नुसती बॅटरी बदलत राहिले, तर प्रत्येक नवी बॅटरी तो चोर अशीच संपवत जातो.

तीन आकडे

चाचांनी एक साधा मीटर घेतला आणि तीन आकडे काढले. हे तीन आकडे कोणालाही घरी काढता येतील. पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा मल्टिमीटर त्यासाठी पुरतो.

पहिला आकडा गाडी काही तास उभी असतानाचा. इंजिन बंद केल्याबरोबर मोजू नये. तेव्हाचा आकडा फुगलेला असतो. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दुसरा आकडा स्टार्टर फिरतानाचा. त्या दोन क्षणांत व्होल्टेज खाली येतेच. परंतु भरलेली बॅटरी १० च्याही बरीच खाली घसरली, तर दोष तिच्यातच असण्याचा संभव मोठा. तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. तो बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तेवढा आला तर अल्टरनेटर आपले काम करीत आहे असे समजावे. चाचा अजून त्याला डायनामोच म्हणतात.

माझ्या गाडीचे आकडे आले १२.६, १०.८ आणि १४.२. म्हणजे रांजण धड, नळही धड. राहिली तोटी.

ती पाहण्यासाठी चाचांनी क्लॅम्प मीटर काढला. हा चिमट्यासारखा असतो. बॅटरीच्या मायनसच्या तारेभोवती तो नुसता अडकवला की तारेतून किती करंट वाहतो ते दिसते. काही सोडावे लागत नाही. मात्र बॅटरीचा एकमार्गी करंट मोजणारा, आणि अगदी थोडा करंटही दाखवणारा क्लॅम्प मीटर घ्यावा लागतो. घरगुती विजेसाठीचा साधा चिमटा इथे उपयोगी नाही. दारे बंद केली, चावी लांब नेऊन ठेवली आणि आम्ही अर्धा तास थांबलो. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. हल्लीची गाडी बंद केल्याबरोबर झोपत नाही. तिच्या पोटातील छोटे छोटे संगणक काही मिनिटे, कित्येक गाड्यांत पाऊण तासही, जागे राहतात. त्या वेळात मोजणारा माणूस नसत्या चोराच्या मागे लागतो.

अर्ध्या तासाने मीटरवर ०.०३ अँपिअर, म्हणजे ३० मिलिअँपिअर आले. घड्याळ, रिमोटचे कुलूप, इंजिनाच्या संगणकाची स्मृती यांना एवढा करंट लागतोच. ५० च्या आत असला तर तक्रार करण्याजोगे काही नाही.

"चोर आत्ता घरात न्हाई बघा," चाचा म्हणाले. "घरात नसलेला चोर धरायचा कसा? रोज काय करताय ते लिहून आणा."

रात्रीचा हिशेब

लिहिणे हा तर माझा व्यवसाय. मी वही घातली. रोजची तारीख, रात्री गाडी किती वाजता लावली, कुठून आणली, दिवे चालू होते का, एसी चालू होता का, गाणी चालू होती का, आणि पहाटे ५ वाजता बॅटरीचे व्होल्ट किती.

दरम्यान शेजारीपाजारी सल्ले देतच होते. कोणी म्हणाले डिकीतला दिवा चालू राहत असेल, कोणी म्हणाले टेप बंद होत नसेल. सल्ले काही वाईट नव्हते. डिकीतला दिवा हा या व्यवहारातला अट्टल गुन्हेगार आहेच. परंतु संशयिताला पकडण्यापूर्वी त्याच्या अंगात तेवढी ताकद आहे का, हे पाहावे. त्यासाठी चौथीतले गणित पुरते.

माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे कागदोपत्री ती १.७५ अँपिअरचा करंट २० तास देते. डिकीतला दिवा ५ वॅटचा. ५ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.४ अँपिअर. रात्रीचे १० तास धरले तर तो ४ अँपिअर-तास पितो. भरलेल्या रांजणाचा आठवा हिस्साही नव्हे. तेवढ्याने चांगली बॅटरी एका रात्रीत लोळत नाही. जुनी, अर्धवट भरलेली बॅटरी असेल, किंवा गाडी चार-सहा दिवस उभी असेल, तर तोच दिवा घात करील. पण माझ्या बाबतीत त्याच्यावर आळ घेता येत नव्हता. ३५ ला १० ने भागा. मला हवा असलेला चोर ३ ते साडेतीन अँपिअर पिणारा होता. घड्याळ, टेपची स्मृती, रिमोट ही नावे कागदावरच गळून पडली. एवढा करंट पिणारी माणसे गाडीत मोजकीच असतात: पुढचे दिवे, पंखे, मागच्या काचेचा हीटर, एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच आणि नादुरुस्त डायोडचा अल्टरनेटर.

धूर आणि अग्नी

एकवीस रात्रींनंतर वही पुढे घेऊन बसले. तीन पहाटे गाडी मेलेली होती. मीटर ९ व्होल्टच्याही खाली. प्रत्येक वेळी चार्जर लावून बॅटरी भरली, आणि एका मंगळवारी तर रात्रीतूनच रिक्षा ठरवून ठेवावी लागली. बाकी अठरा पहाटे सारे आलबेल.

आमच्याकडे न्यायशास्त्रात कार्यकारणभाव ठरवण्याची एक जुनी रीत आहे. एखादी गोष्ट जिथे आहे तिथे दुसरीही आहे, हा अन्वय. आणि ती नाही तिथे दुसरीही नाही, हा व्यतिरेक. मी दिव्यांचा रकाना पाहिला, गाण्यांचा पाहिला; जुळेना. एसीच्या रकान्यापाशी बोट थांबले. तिन्ही वाईट रात्री अशा होत्या की, एसी चालू असतानाच मी गाडी लावून चावी काढली होती. ज्या बारा रात्री एसी आधीच बंद होता, त्या बाराही रात्रींनंतर गाडी सुरळीत सुरू झाली होती.

परंतु एक अडचण होती. एसी चालू असताना चावी काढल्याच्या एकूण रात्री नऊ, आणि त्यांतल्या सहा रात्री काहीच बिघडले नव्हते! न्यायशास्त्रातले नेहमीचे उदाहरण घ्या. जिथे धूर तिथे अग्नी असतोच. पण जिथे अग्नी तिथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसेच हे. बॅटरी उतरण्यासाठी एसी हवाच. परंतु एसी एकटा पुरेसा नाही. त्याला आणखी कशाची तरी जोड मिळते, आणि ती दर वेळी मिळत नाही.

चाचांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "एसी चालू ठेवूनच चावी काढता?"

"कधी कधी. त्यात गैर आहे का?"

"गैर काय न्हाई. गाडीनं तेवढं सोसायलाच पायजे. पण चोर कुठल्या गल्लीत ऱ्हातो ते कळलं."

सातव्या वेळी

चाचांनी आता चोराची वाट न पाहता त्याला घरी बोलावण्याचे ठरवले. मायनसच्या तारेला चिमटा लावला. बॉनेट उघडे. मी इंजिन सुरू करायचे, एसी लावायचा, दोन मिनिटांनी तसेच बंद करायचे. चाचा कॉम्प्रेसरच्या बाजूला कान लावून उभे राहिले.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. परंतु तो पट्ट्याला जोडला जातो तो विजेच्या चुंबकाने, म्हणजे क्लचने. क्लचला करंट मिळाला की 'टक्' होऊन कॉम्प्रेसर फिरू लागतो. करंट तुटला की पुन्हा 'टक्' होऊन सुटतो. हा करंट डॅशबोर्डावरील बटणातून थेट जात नाही. मध्ये रिले असतो. रिले म्हणजे काड्यापेटीहून लहान डबी. बटणाच्या थोड्याशा करंटने आतील छोटे चुंबक जागे होते, आणि ते बॅटरीकडून येणाऱ्या मोठ्या करंटचे दोन ठिपके एकमेकांवर दाबून धरते.

एक, दोन, तीन... सहा वेळा चावी बंद केली, आणि सहाही वेळा क्लच सुटल्याचा 'टक्' आला. सातव्या वेळी चावी बंद केली, इंजिन थांबले, आणि चाचा कान लावूनच राहिले. 'टक्' आलाच नाही. त्यांनी मीटरकडे पाहिले, आणि न बोलता तो माझ्याकडे वळवला.

चहा आला, चहा संपला, पेला विसळून झाला, आकडा ३.४ अँपिअरवर होता. चावी माझ्या हातात, दारे बंद, इंजिन थंड होत चाललेले. आणि न फिरणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच आपले चुंबक घट्ट धरून बसला होता. साडेतीनास थोडे कमी, गुणिले १० तास: ३४. बॅटरी ३५ ची. व्होल्टेज उतरेल तसा करंटही कमी होतो, म्हणून हा हिशेब काटेकोर नव्हे. परंतु चोराच्या पायाचा ठसा जुळला, एवढे सांगण्याइतका तो नक्कीच पुरेसा होता.

पुढचे काम मात्र चाचांनी घाई न करता केले. आधी एसीचा फ्यूज उपटला. आकडा एकदम ०.०३ वर आला. "फ्यूज गल्ली दाखवतो, घर न्हाई दाखवत," ते म्हणाले. फ्यूज परत बसवला; पुन्हा ३.४. मग रिलेवर पेचकसाच्या मुठीने हलकीशी टिचकी मारली. 'टक्', आणि आकडा पुन्हा तळाला! रिलेतील दोन ठिपके एकमेकांना चिकटले होते, ते टिचकीने सुटले. दुकानापर्यंतच्या खड्ड्यांतून गाडी येईपर्यंत चोर आपसूक सुटून जात असे, म्हणूनच तो आजवर कोणालाच सापडला नव्हता. २२ हजारांचे अंदाजपत्रक ज्या यंत्रावर निघाले होते, तो अल्टरनेटर या साऱ्यात निर्दोष होता.

चाचांनी रिले काढून त्याची टोपी उघडली. दोन्ही ठिपके काळवंडलेले, एकावर खळगा, दुसऱ्यावर त्याच मापाचा उंचवटा. दर वेळी करंट तुटताना बारीक ठिणगी पडते, आणि वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी धातू असा वितळून एकमेकांना धरू लागतो. क्लचच्या वेटोळ्यात दोष असून त्यामुळे रिले जळला असेल, तर नवाही जळेल. म्हणून चाचांनी वेटोळ्याचा करंट योग्य आहे याची खात्री करून घेतली, आणि मगच नवा रिले बसवला. त्याची किंमत २४० रुपये. मजुरी त्यांनी २०० सांगितली; मी ५०० पुढे केले, तर त्यांनी ३०० परत दिले.

ही गोष्ट झाल्यानंतर उन्हाळा संपला, पावसाळा संपला. वही मी अजून ठेवते. एकाही मंगळवारी की शुक्रवारी गाडीने दगा दिलेला नाही.

घरच्या घरी काय करावे

आता वाचकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगते.

बॅटरीपाशी जाताना अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे. पाना दोन टोकांवर एकदम टेकला तर क्षणात लाल होतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ काडी ओढू नये. तार सोडताना आधी मायनसची सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी जमली असेल तर तार सोडून गरम पाणी व खाण्याचा सोडा यांनी धुवावी, कोरडी करावी आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. कित्येक 'गेलेल्या' बॅटऱ्या एवढ्याने परत येतात.

क्लॅम्प मीटर नसेल तर मल्टिमीटरने मोजता येते. पण मायनसची तार सोडून तो मध्ये जोडावा लागतो. लाल तार मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घालावी, आणि त्या अवस्थेत चुकूनही स्टार्टर मारू नये. मीटरचा फ्यूज तत्काळ उडेल. गाडीला दार बंद असल्याचे भासवण्यासाठी दाराच्या कुलपाची जीभ पेचकसाने दाबून ठेवावी. मग थांबावे. मग एकेक फ्यूज काढून आकडा पाहावा. फ्यूजच्या पेट्या बहुधा दोन असतात. एक डॅशबोर्डाखाली, दुसरी बॉनेटखाली. सारे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर अल्टरनेटरकडे आणि बाहेरून बसवलेल्या टेप, कॅमेरा, ट्रॅकर यांच्या थेट तारांकडे पाहावे. कंपनीने न बसवलेल्या वस्तू या बाबतीत विशेष संशयास्पद असतात. आमच्या द्राक्षांच्या मुलखात उंदरांनी कुरतडलेल्या ताराही पाहून घ्याव्यात.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना लाल तार आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे दुसरे टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. मोठे ट्रक आणि बस यांची वीज २४ व्होल्टची असते. त्यांच्यावरून मोटार कधीही सुरू करू नये. आणि विजेच्या गाडीला हा त्रास नाही, असे कोणी समजू नये. तिच्यातही दिवे, कुलुपे आणि संगणक यांच्यासाठी १२ व्होल्टची एक लहान बॅटरी बहुधा असते, आणि ती उतरली की एवढा मोठा बॅटरीसंच भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही.

शेवटची गोष्ट सुट्टीची. निरोगी गाडीही ३० मिलिअँपिअर पीतच असते. महिनाभर उभी राहिली तर त्याचे २१ अँपिअर-तास होतात, म्हणजे माझ्या बॅटरीचा निम्म्याहून अधिक रांजण. तेव्हा दिवाळीनंतर लांबच्या प्रवासाला आगगाडीने निघणार असाल आणि मोटार दाराशी उभी राहणार असेल, तर मायनसची तार सोडून ठेवावी; मात्र रिमोटने कुलूप उघडणार नाही, म्हणून हातातली चावी विसरू नये. आणि परत आल्यावर गाडीने 'टक्' एवढेच म्हटले, तर दुकानात जाऊन 'बॅटरी गेली' असे सांगू नका. 'उतरली आहे, मोजून द्या' असे सांगा. मोजून झाल्यावर ती खरोखरच गेलेली निघाली, तर नवी घ्यायला कोणाचीच हरकत नाही.